अकरा घटना, नऊ गुरुवार

गुरुवार, १७ जुलै २०२५. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. घटना अकरावी.

गुरप्पाने गाडीच्या लॉगबुकात एवढेच लिहिले होते. खाली गाडीतल्या पशुवैद्य डॉ. पद्मजा यांनी आपल्या बारीक अक्षरात आणखी दोन ओळी जोडल्या होत्या : ‘फोर बाय फोरचा दिवा लुकलुकला, पुढच्या चाकांचा जोर गेला, गाडी चिखलात थांबली. उरलेला दीड किलोमीटर मी बॅग घेऊन चालत गेले. म्हैस वाचली, पारडू वाचले नाही.’

सोमशेखर कोनापुरे यांनी त्या ओळी दोनदा वाचल्या, चष्मा काढून पुसला आणि लॉगबुक टेबलावर उपडे ठेवले. दुपारचे साडेतीन वाजले होते. अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या गॅरेजात तीच गाडी उभी होती. ती एका दूध संघाची, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची. सगळे अंग काळ्या मातीने माखलेले आणि पुढच्या काचेवर कोपऱ्यात अंगाऱ्याचे बोट. गाडीशेजारी गुरप्पा उभा होता. नऊ वर्षे संघाची गाडी चालवणारा, पन्नाशीच्या अलीकडचा माणूस. पण आज तो एखाद्याच्या दारात उसने मागायला आल्यासारखा उभा होता.

“बस,” सोमशेखर म्हणाले.

“बसायचं काय अण्णा, आता कायमचंच बसायची येळ आली,” गुरप्पा म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढून पुढे केला.

संघाचे वाहन अधिकारी आशिष वैरागकर यांचे पत्र होते. गाडीत बिघाड नसताना वारंवार खोट्या तक्रारी करून दवाखान्याची फेरी चुकवल्याबद्दल आपणास सेवेतून का कमी करू नये, याचा खुलासा २५ जुलैपर्यंत करावा, असा मजकूर. सोबत पुरावा म्हणून एका कागदाची प्रत. सोमशेखर यांनी ती उलटली. अक्षर ओळखीचे होते, कारण ते त्यांचे स्वतःचे होते.

४ जुलैचा तपासणी अहवाल. ‘गाडीच्या कंट्रोलरच्या स्मृतीत साठलेला बिघाडाचा कोड आढळला. सेन्सर, वायरिंग व कपलर तपासले. दोष आढळला नाही. बाह्य हाताळणीची शक्यता नाकारता येत नाही.’ खाली सही, शिक्का आणि मेकॅनिकलच्या पदविकेचे ‘डी. एम. ई., १९८३’.

“ह्या शेवटच्या वळीचा अर्थ काय व्हतो अण्णा? साहेबानं मला वाचून दाखिवली. म्हनला, कोनापुऱ्यांनी लिवलंय की तूच वायर उपटतोस.”

“तसं नाही लिहिलं मी.”

“मग कसं लिवलंय?”

सोमशेखर यांनी अहवालाची प्रत पुन्हा हातात घेतली. पॉलिटेक्निकमध्ये त्यांना शिकवले होते की जे सिद्ध झाले नाही ते नाकारू नये. चाळीस वर्षे त्यांचे अहवाल त्याच शिस्तीने लिहिले गेले. ती ओळ त्यांनी काटेकोरपणासाठी लिहिली होती. वैरागकरांनी ती आरोपासाठी वाचली, आणि त्यात वैरागकरांची फारशी चूकही नव्हती.

आतल्या टेबलावरून महेश्वरी उठून आली. ती सोमशेखर यांची सून. इलेक्ट्रिकलची पदविका झालेली, गॅरेजचा स्कॅनर गेली सहा वर्षे तिच्याच हातात. तिने स्कॅनरची केबल गाडीला जोडली आणि पडद्यावर पाहत म्हणाली, “मामा, कोड तोच. ट्रान्स्फर केसचा पोझिशन सेन्सर, सिग्नल चुकीचा, अधूनमधून. आत्ता सगळं ठीक दाखवतंय.”

गाडीच्या गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची एक पेटी असते. इंजिनाचा जोर नुसत्या मागच्या चाकांना द्यायचा की चारही चाकांना, हे तिथे ठरते. पेटी आत्ता कोणत्या स्थितीत आहे, हे तिच्यावरचा एक लहानसा सेन्सर गाडीच्या कंट्रोलरला व्होल्टच्या भाषेत सांगत असतो; सेन्सरला वायर जोडणाऱ्या प्लगला कपलर म्हणतात. सेन्सरने चुकीचे सांगितले, की कंट्रोलर सावधगिरी म्हणून पुढच्या चाकांचा जोर काढून घेतो आणि दिवा लुकलुकवतो. डांबरी रस्त्यावर कुणाला पत्ताही लागत नाही. पावसाळ्यातल्या काळ्या रानात मात्र गाडी जागेवर बसते.

“कोड हाय ना? मग झालं की,” गुरप्पा म्हणाला. “दावा साहेबाला.”

“कपलर ओढून काढला तरी हाच कोड येतो,” महेश्वरी म्हणाली. “साहेब तेच म्हणणार. कोड कशानं आला ते नुसत्या कोडवरनं कळत नाही, काका.”

सोमशेखर यांनी सवयीने टॉर्च उचलली, बाह्या सारल्या आणि गाडीखाली जाण्यासाठी फळी ओढली. हात कपलरपर्यंत पोहोचला न पोहोचला तोच महेश्वरीने फळीचे टोक धरले.

“मामा, थांबा की. काढणार आहात ना तो?”

“काढल्याशिवाय बघणार कसं?”

“चार तारखेला तसंच बघितलं. कपलर काढला, पुसला, लावला, मीटर लावला, सगळं ठीक. पुसल्यावर ठीक असणारच. जे शोधायचं तेच आपण आधी पुसून टाकलं.”

सोमशेखर गाडीखाली तसेच उताणे पडून राहिले. डोक्यावर दीड फुटावर तो काळा कपलर दिसत होता, चिखलाच्या पातळ थराखाली. आधी स्वच्छ करा, मग मोजा, हा त्यांनी असंख्य पोरांना शिकवलेला नियम होता. कायमच्या बिघाडाला तो नियम बरोबर होता. येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाला तो नियम म्हणजे पोलीस येण्याआधी घर झाडून ठेवण्यासारखा होता. सून बरोबर बोलत होती, आणि ते तिने गिऱ्हाइकासमोर सांगितले याचा राग येण्याइतके ते तरुण राहिले नव्हते.

ते हात न लावता बाहेर आले. “फुलस्केप कागद आण,” म्हणाले. “आणि गौरम्माला तीन चहा सांग.” गौरम्मा त्यांची बायको; घर गॅरेजच्या मागेच होते.

मग तासभर गाडीला कुणी हात लावला नाही. सोमशेखर यांनी कागदावर पट्टीने रकाने आखले : तारीख, वार, वेळ, हवा, आदल्या रात्री गाडी कुठे, आदल्या दिवशी गाडीचे काय केले, चालक कोण. लॉगबुक पुढे ठेवून एकेक घटना ते विचारत गेले. गुरप्पा आठवून सांगत गेला आणि कंटाळला की चहाच्या रिकाम्या ग्लासात पुन्हा डोकावत गेला. पहिली घटना ८ मेची होती. नंतर पंधरा, सत्तावीस, एकोणतीस. पुढे जूनमधल्या चार, जुलैमधल्या तीन.

“हे जवळजवळ सगळे गुरुवार,” महेश्वरी म्हणाली.

“नऊ गुरुवार. दोन इतर वार,” सोमशेखर म्हणाले. “२७ मे मंगळवार. ३० जून सोमवार.”

“साहेब पन तेच म्हनतोय की. म्हनतोय, गुरुवारीच कशी रं बिगडती तुझी गाडी? अक्कलकोटची फेरी नको वाटती व्हय तुला? अन वरनं ती बारा जूनची गोष्ट.”

“काय गोष्ट?”

“बारा जूनला मी सुट्टीवर. मेव्हन्याचं लगीन, इंडीला. बदली डायवर बाळू गेला त्या गुरुवारी, अन गाडी सुतासारखी चालली. येऊन म्हनतो कसा, गुरप्पा, गाडीला काय बी झालं न्हाय, तुझ्या हाताला झालंय.” गुरप्पा हसला नाही. “बाळू चांगला हाय वो. पन त्याच्या त्या एका शब्दानं माझी बाजू उडाली.”

सोमशेखर यांनी १२ जून या तारखेभोवती गोल काढला. बिघाड नसलेल्या गुरुवारांकडे आत्तापर्यंत कुणी पाहिलेच नव्हते. तक्रार नाही म्हणून नोंद नाही. ८ मेपासून आजपर्यंत गुरुवार अकरा आले होते. घटना नऊ. मग उरलेले दोन कोणते? एक १२ जून. दुसरा २२ मे.

“बावीस मेला काय केलंस वेगळं?”

“काय बी न्हाय. त्या दिवशी तर गाडी घान होती. आदल्या दिवशी पानीच न्हवतं संघात, टाकी कोरडी. पाचव्या दिवशी पानी येनार म्हनले अन आलं सातव्या दिवशी. मग काय, तशीच नेली.”

“एरवी?”

“एरवी धुतो की. दर बुधवारी संध्याकाळी. गुरुवारी गाडी स्वामींच्या दारावरनं जाती, डॉक्टरबाई उतरून पाया पडत्यात. घान गाडी देवाच्या दारात कशी उभी करायची?”

महेश्वरीची पेन्सिल थांबली. सोमशेखर यांनी आवाज मुद्दाम सपाट ठेवला. “कुठं धुतोस?”

“दुधाचे टँकर धुत्यात न्हवं, त्या रॅम्पवर. गरम पानी, सोडा, अन असा फोर्स की हातातला पाइप सुटतोय.”

“खालून पण?”

“अण्णा, देवाच्या दारात जायचं तर काय वरनंच धुवायचं व्हय?”

“आणि बाळू?”

“त्यो?” गुरप्पाने हात झटकला. “त्यो स्वतः आंघोळ करतोय हेच लई.”

महेश्वरीला हसू आवरेना. सोमशेखर मात्र उरलेल्या दोन वारांकडे वळले होते. २७ मेच्या आदल्या रात्री वळवाचा पाऊस. गाडी ओढ्याच्या पाण्यातून आणली होती. ३० जूनला अध्यक्षांची भेट ठरली होती, म्हणून रविवारी धुलाई. अकराच्या अकरा घटनांच्या रकान्यात आदल्या दिवशी पाणी होते. ज्या दोन गुरुवारी पाणी नव्हते, त्या दोन गुरुवारी घटना नव्हती.

“म्हंजे मी धुतो म्हनून बिगडती?” गुरप्पाचा चेहरा पडला. “हे साहेबाला सांगू नका अण्णा. म्हनेल, म्हंजे तूच केलंस की.”

“धुण्यानं गाडी बिघडत नसते,” सोमशेखर म्हणाले. “कपलरला रबरी सील असतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. पाणी आत जातंय म्हणजे वाट कुठंतरी आहे. ती वाट कुणी केली, ते बघायचं.”

त्यांनी तिथूनच वैरागकरांना फोन लावला. तपासणी संघाच्या आवारात होईल. गाडी अधिकाऱ्यांच्या देखत धुतली जाईल, रात्रभर कुलपात राहील, किल्ली अधिकाऱ्यांकडे. सकाळी मोजमाप, तेही त्यांच्या देखत. वैरागकर म्हणाले, “अण्णा, एवढं कशाला? तुमचा रिपोर्ट तर आलेला आहे.” सोमशेखर म्हणाले, “त्या रिपोर्टसाठीच.”

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता गुरप्पाने गाडी रॅम्पवर चढवली आणि दर बुधवारी धुतो तशी धुतली. पंचवीस मिनिटे, वरून, बाजूने आणि खालून, गरम सोड्याच्या पाण्याने. वैरागकर बाजूला उभे राहून मोबाइल पाहत होते. वय पस्तीसच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, कामाला चोख. अध्यक्षांसमोर कागदाशिवाय तोंड उघडायचे नाही हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षात कळले होते. गाडी शेडमध्ये गेली. कुलपाची किल्ली त्यांनी खिशात टाकली.

शनिवार, १९ जुलै. सकाळी आठ वाजता शेड उघडले. महेश्वरीने चालकाच्या आसनाखालच्या कंट्रोलरजवळ, कोरड्या जागी, वायरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवली आणि मीटर जोडला. ट्रान्स्फर केसवरच्या कपलरला कुणाचे बोटही लागले नाही. आवारामागे टँकरांसाठी मोकळी ठेवलेली कच्ची जमीन होती. तिथे गाडी आणली.

“गुरप्पा,” सोमशेखर म्हणाले, “तू त्या लिंबाखाली जाऊन उभा राहा. हात मला दिसतील असे ठेव.”

“काय पोलिसानं धरल्यागत?”

“तसंच. आणि साहेब, गाडी आज तुम्ही चालवायची.”

वैरागकर चकित झाले, पण बसले. शेजारी महेश्वरी मीटर घेऊन, मागे सोमशेखर वही घेऊन. फोर बाय फोर लावले, हिरवा दिवा स्थिर लागला. या स्थितीत सिग्नल २.४० व्होल्ट असायला हवा. मीटरवर २.४० होते.

फेरी पहिली, २.४०. पाचवी, २.४०. आठ वीसला २.४१, तेही मीटरच्या स्वभावात बसणारे. साडेआठला वैरागकरांनी घड्याळाकडे पाहिले. “अण्णा, नऊला माझी मीटिंग आहे. अजून किती गरागरा फिरायचं? मला तर चक्कर यायला लागली.”

“तक्त्यात एकही घटना पावणेनऊच्या आधीची नाही. गाडी निघाल्यावर पाऊणएक तास लागतो. फिरा.”

लिंबाखाली गुरप्पा हात पुढे बांधून उभा होता, आणि दर फेरीला गाडी जवळून गेली की त्याची नजर गाडीबरोबर फिरत होती. सोमशेखर यांना तेवढ्यात एक विचार शिवून गेला. आज काहीच झाले नाही, तर या माणसाला वाचवायला आपल्याजवळ दुसरा कागद नाही. आणि अशा कामात काहीच न होण्याची शक्यता बरीच असते.

आठ सत्तेचाळीसला महेश्वरी म्हणाली, “मामा. २.५८.”

हादरे बसत होते, ट्रान्स्फर केस तापत होती. २.७१. पुन्हा २.६०. मग एका खड्ड्यातून गाडी उसळली आणि महेश्वरीने आकडे एकापाठोपाठ एक वाचले : “२.९१. २.९८. ३.०६.”

हिरवा दिवा लुकलुकू लागला. पुढची चाके सैल झाल्याचे वैरागकरांच्या हातांना स्टिअरिंगमधून कळले असावे, कारण त्यांनी दचकून ब्रेक दाबला.

“मी काही केलं नाही हां,” ते म्हणाले.

मागून सोमशेखर शांतपणे म्हणाले, “गुरप्पाही हेच सांगत होता, साहेब. अकरा वेळा.”

गाडी तशीच रॅम्पवर घेतली. आता कपलर काढायचा होता, पण सगळ्यांसमोर आणि एकदाच. महेश्वरी मोबाइलचा कॅमेरा धरून खाली उभी राहिली. सोमशेखर यांनी कपलरची पकड दाबली, हलकेच ओढला आणि पुसला नाही. आत तीन पितळी पिना होत्या. एक सेन्सरला पाच व्होल्ट देणारी, एक अर्थिंगची, तिसरी सिग्नलची. पाच व्होल्टची आणि सिग्नलची पिन यांच्यामध्ये पाण्याचा चमकता पापुद्रा होता. पुरवठ्याचा दाब त्यातून सिग्नलमध्ये झिरपत होता. पण सील तर शाबूत दिसत होते. ना चीर, ना तुकडा पडलेला.

“मामा, सीलच्या कडेखाली बघा. डावीकडं. काहीतरी आहे.” तिने पडद्यावर चित्र मोठे केले.

एक धागा होता. जेमतेम इंचभर, पुसूनही नजरेस पडू नये इतका ग्रीसमध्ये रुतलेला, सीलच्या ओठाखालून आडवा आत गेलेला. बाहेरचे टोक पाण्याने फुगले होते. दिव्याच्या वातीसारखा तो बाहेरचे पाणी थेंबाथेंबाने आत ओढत होता, आणि दुपारपर्यंत पेटीच्या उष्णतेने आतले पाणी वाळून जात होते. म्हणून गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत शहाण्यासारखी वागत होती.

सोमशेखर यांनी चिमट्याने तो धागा काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. ग्रीस निघाल्यावर रंग दिसला. मोरपंखी.

वैरागकर वाकून पाहत होते. त्यांचा विचार सरळ रस्त्याने चालला होता. “म्हणजे बिघाड खरा आहे, हे मला मान्य. पण हा धागा आत गेला कसा? कपलर कुणीतरी काढल्याशिवाय जाणार नाही ना? याच्या केबिनमध्ये पुसायला वेस्ट असतंच की. यानंच कधीतरी काढून—”

“साहेब, आईशपथ मी त्या कपलरला—”

“थांब गुरप्पा,” सोमशेखर म्हणाले.

सोलापुरात कुठल्याही गॅरेजला हात पुसायला कापड विकत आणावे लागत नाही. पूर्व भागातल्या मागांवर चादरी विणताना जो सुताचा गुंता उरतो, त्याला वेस्ट म्हणतात, आणि तो पोत्याने मिळतो. सोमशेखर यांच्या गॅरेजात चाळीस वर्षे तेच वापरले जात होते; हात, पाने, पिना, कपलर, सगळे त्यानेच पुसायचे. एप्रिलमध्ये आणलेल्या पोत्यातले सूत एकाच रंगाचे होते. एका मोठ्या मागणीसाठी त्या मागावर महिनाभर मोरपंखी चादरीच निघत होत्या. महेश्वरीने तेव्हा विनोद केला होता, की मामा, आपल्या गॅरेजात मोर नाचून गेल्यासारखं दिसतंय.

ती आता सासऱ्यांकडे पाहत होती. तिलाही कळले होते. बोलायचे कुणी, हे तिने त्यांच्यावर सोडले.

वाटा दोन होत्या. काहीही न बोलता ‘बाहेरून शिरलेला कचरा’ असे लिहिता आले असते. ते खोटेही ठरले नसते. सोमशेखर यांनी आपली हत्यारांची पेटी उघडली. वरच्या खणात कालच ठेवलेला वेस्टचा गोळा होता. तो त्यांनी कागदावर, धाग्याशेजारी ठेवला. रंग जुळवून पाहण्याची गरज कुणाला पडली नाही.

“गुरप्पा, तुझ्या केबिनमधलं वेस्ट दाखव.”

गुरप्पाने धावत जाऊन आणले. जुन्या बनियनचे पांढरे तुकडे होते.

“या गाडीची क्लचप्लेट माझ्याकडे बदलली,” सोमशेखर म्हणाले. “सहा मे, मंगळवार. क्लच बदलताना ट्रान्स्फर केस उतरवावी लागते, तिचे कपलर काढावे लागतात. जॉबकार्डावर ‘जोडणी : सो. को.’ असं आहे. तो कपलर मी माझ्या हातानं पुसला आणि माझ्या हातानं बसवला. पहिली घटना आठ मेची. मधे एक दिवस आहे, बुधवार. त्या दिवशी यानं गाडी धुतली.”

मग वैरागकर हळू आवाजात म्हणाले, “अण्णा, इकडे या जरा.” दोन पावले बाजूला घेऊन म्हणाले, “गुरप्पाचं पत्र मी मागे घेतो. तो विषय संपला. पण हे असं लिहून दिलंत, तर मला समितीपुढे ठेवावं लागेल. चौदा गाड्यांचं काम आहे तुमच्याकडे. ‘बाहेरचा कचरा’ एवढं लिहिलंत तरी भागतंय की.”

“आणि पत्र मागे घेताना कारण काय लिहाल?”

“कारण... संशयाचा फायदा.”

“म्हणजे संशय राहिलाच,” सोमशेखर म्हणाले. “पुढच्या वेळी गाडी अडली की हीच फाइल वर येणार. एकदा मी ‘बाह्य’ लिहून बघितलं साहेब. त्याचं काय होतं ते मला कळलंय.”

त्यांनी रॅम्पच्या कठड्यावर पॅड ठेवले, खाली कार्बन सरकवला आणि उभ्यानेच लिहिले :

‘१. दि. ४ जुलै २०२५ चा माझा अहवाल चुकीचा असून तो मी मागे घेत आहे. त्या तपासणीत मोजमाप करण्यापूर्वी कपलर पुसल्यामुळे दोष दिसून आला नाही. २. दोष खरा असून वाहन अधिकारी स्वतः गाडी चालवीत असताना तो दि. १९ जुलै रोजी सकाळी ८.५१ वाजता दिसून आला. ३. दोषाचे कारण : दि. ६ मे रोजी माझ्या गॅरेजमध्ये काम करताना कपलरच्या सीलखाली अडकलेला सुताचा धागा. धागा सोबत जोडला आहे. ४. चालक श्री. गुरप्पा यांनी केलेल्या अकराही तक्रारी खऱ्या होत्या. गाडी धुण्यात त्यांची कोणतीही चूक नाही.’

सही केली. शिक्का गॅरेजात राहिला होता, म्हणून सहीखाली कंसात पूर्ण नाव लिहिले. धागा चिकटपट्टीने कागदाच्या कोपऱ्यात लावला.

गुरप्पाने कागद हातात घेतला आणि बोट फिरवत वाचला. चौथ्या ओळीवर बोट थांबले. तो दुसऱ्यांदा वाचू लागला, तेव्हा महेश्वरी म्हणाली, “काका, पाठ करताय का?”

“गंगम्माला वाचून दावायचाय,” गुरप्पा म्हणाला. “तिची म्हैस व्हती. पारडू गेलं तवा मला म्हनली, तू मुद्दाम उशीर केलास. मी काय बोलनार? मला बी वाटाय लागलं व्हतं, माझ्याच हाताला काय झालंय का काय.” त्याने कागद परत दिला आणि जरा वेळाने विचारले, “अण्णा, आता बुधवारी धुवू का नको?”

“धू. आधी धूत होतास तशीच धू. खालूनसुद्धा. आणि गुरुवारी सकाळी काय झालं ते लिही. काही झालं नाही तरी लिही. ते जास्त महत्त्वाचं.”

नवा कपलर, नवे सील आणि नव्या पिना त्याच दुपारी बसल्या. त्या दिवसापासून कोनापुऱ्यांच्या गॅरेजात वेस्टचे पोते आले नाही. गौरम्माने जुन्या धोतरांचे चौकोन कापून चारही कडा शिलाई मशीनवर दुमडून दिल्या, आणि एवढी वर्षे हे कुणाला सुचले कसे नाही, असे दोनदा ऐकवले. समितीने ३० जुलैला अहवाल वाचला. गुरप्पाला दिलेले पत्र रद्द झाले. गॅरेजचे नाव सहा महिन्यांसाठी संघाच्या यादीतून काढले गेले, आणि चौदा गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. सोमशेखर यांनी तो ठराव फाइलला लावला आणि त्यावर काही लिहिले नाही.

ऑगस्ट संपताना गुरप्पा एका संध्याकाळी संघाची नव्हे, स्वतःची मोटारसायकल घेऊन गॅरेजात आला. तिला काहीच झाले नव्हते. त्याने पिशवीतून लॉगबुकाच्या पानांची झेरॉक्स काढली आणि टेबलावर ठेवली. दर गुरुवारी एक ओळ होती, डॉक्टरबाईंच्या सहीसह. सोमशेखर यांनी चष्मा लावला, जुना तक्ता काढला आणि त्याच पट्टीने खाली एक नवी रेघ आखून लिहिले :

२४ जुलै ते २८ ऑगस्ट २०२५. गुरुवार सहा. आदल्या दिवशी धुलाई सहा. दिवा लुकलुकण्याच्या घटना : शून्य.